शंभर मण्यांची जपमाळ

भारतात पायी प्रवास करणाऱ्यांची वाण कधीच पडली नाही. काशीची गंगा कावडीतून रामेश्वरास नेणारे यात्रेकरू, नर्मदेची परिक्रमा करणारे साधू, बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून शेकडो कोस हिंडणारे लमाण, हुंड्या आणि पत्रे घेऊन धावणारे जासूद, या सर्वांच्या पावलांनी हा देश आगगाडी येण्यापूर्वी कितीतरी वेळा मोजला गेला होता. परंतु त्यांच्यापैकी फारच थोड्यांनी आपल्या प्रवासाची हकीकत लिहून ठेवली. चालणारा चालत राहिला, मुक्कामी पोचल्यावर त्याने देवाला नमस्कार केला, घरी परतल्यावर चार नातलगांना वाटेतील गोष्टी सांगितल्या आणि त्याच्याबरोबर त्या गोष्टीही विरून गेल्या. चालणे हे पुण्य मानले गेले; त्याचे टिपण ठेवणे हेही एक कर्तव्य आहे, असे मात्र सहसा कोणास वाटले नाही.

या सर्वसाधारण रीतीला एकोणिसाव्या शतकात एक विलक्षण अपवाद होऊन गेला. कुमाऊँच्या एका डोंगरी खेड्यातील हा शाळामास्तर हजारो मैल चालला, आणि चालताना त्याने टाकलेले प्रत्येक पाऊल मोजले. लिहिण्यासाठीच तो चालत होता; तथापि आपण लिहितो आहोत हे कोणाच्या दृष्टीस पडले असते, तर त्याचे मस्तक धडावर राहिले नसते. या माणसाचे नाव पंडित नैनसिंह रावत.

नैनसिंहाचा जन्म १८३० साली झाला. त्याचे मिलम हे गाव कुमाऊँच्या जोहार खोऱ्यात, गोरीगंगेच्या काठी, अकरा हजार फुटांहून अधिक उंचीवर वसलेले आहे. तेथील शौका लोकांचे सारे जीवन त्या काळी तिबेटच्या व्यापारावर अवलंबून होते. उन्हाळ्यात हिमाच्छादित घाट उघडले की शेळ्यामेंढ्यांच्या पाठीवर धान्य आणि कापड लादून हे लोक तिबेटात उतरत आणि तेथून लोकर, मीठ व टाकणखार घेऊन परत येत. थंडी पडू लागली की सारे गाव खाली उबदार खोऱ्यांत येई. अशा लोकांत वाढलेल्या मुलाला तिबेटी भाषा, तिबेटी चालीरीती आणि उंच घाटांवरील विरळ हवा यांची सवय उपजतच लागावी, यात नवल नाही. नैनसिंहाचे बालपण दारिद्र्यात गेले. १८५५ पासून पुढे काही काळ श्लागिनट्वाइट या जर्मन बंधूंच्या शास्त्रीय मोहिमेत त्याने काम केले आणि तेथेच यंत्रे कशी हाताळावीत याची पहिली तोंडओळख त्याला झाली. पुढे तो मिलमच्या सरकारी शाळेत शिक्षक झाला. ‘पंडित’ हे बिरुद त्याच्या नावामागे लागले ते याच पंतोजीपणामुळे. आणि पुढे जगाने त्याला ओळखले तेही केवळ याच एका शब्दाने.

त्या काळी हिंदुस्थान सरकारच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षण खात्याने कन्याकुमारीपासून हिमालयापर्यंतचा मुलूख मोजत आणला होता. हिमालयाची शिखरेही दुरून कोन घेऊन मोजली गेली होती. परंतु त्यांच्या पलीकडे नकाशाचा कागद जवळजवळ कोरा होता. चीनच्या बादशाही सत्तेखाली असलेल्या तिबेटने युरोपियनांना दारे बंद केली होती. १८११ साली टॉमस मॅनिंग हा इंग्रज आणि १८४६ साली हुक व गाबे हे दोन फ्रेंच पाद्री ल्हासापर्यंत पोचले होते. पण त्यांच्यापैकी कोणी यंत्रे लावून मोजमाप केले नव्हते. ल्हासा शहर पृथ्वीच्या पाठीवर नेमके कोठे आहे, त्याची उंची किती, त्सांगपो नदी कोठून निघते आणि कोठे जाते, या प्रश्नांची उत्तरे देताना भूगोलवेत्त्यांना जुन्या चिनी नकाशांवर आणि तर्कावर विसंबून राहावे लागे.

गोऱ्या माणसाला जेथे मज्जाव आहे, तेथे सरहद्दीवरील व्यापारी आणि यात्रेकरू सहज जातात, ही गोष्ट सर्वेक्षण खात्यातील कॅप्टन माँटगोमेरी याच्या ध्यानात आली. १८६३ साली त्याने अब्दुल हमीद नावाच्या एका मुनशीला मोजणीचे शिक्षण देऊन यारकंदला पाठविले. तो पोचला, त्याने आपले काम चोख केले, परंतु परतीच्या वाटेवर त्याला मरण आले. त्याची टिपणे मात्र हाती लागली, आणि त्या टिपणांनी सिद्ध केले की ही पद्धत यशस्वी होण्याजोगी आहे. त्याच वर्षी कुमाऊँच्या शिक्षण खात्यातील अधिकारी स्मिथ याच्या शिफारशीवरून नैनसिंह आणि त्याचा चुलतभाऊ मानीसिंह या दोघांना देहरादून येथे शिक्षणासाठी आणण्यात आले.

हे शिक्षण मोठे चमत्कारिक होते. कोनमापक सेक्स्टंटने ताऱ्यांची उंची घेणे, होकायंत्राने दिशा टिपणे, उकळत्या पाण्यात उष्णतामापक धरून त्यावरून ठिकाणाची उंची काढणे, हा झाला त्याचा शास्त्रीय भाग. परंतु खरी कसोटी होती ती पायांची. परक्या मुलखात मोजणीची साखळी घेऊन जाणे शक्य नव्हते. तेव्हा माणसाची तंगडी हीच साखळी ठरविण्यात आली. चढ असो, उतार असो की सपाट माळ असो, पाऊल एकाच लांबीचे पडले पाहिजे, असा सराव करवून घेण्यात आला. साधारणपणे साडेएकतीस इंचांचे एक पाऊल आणि दोन हजार पावलांचा एक मैल असा हिशेब बसला.

पावले मोजायची कशी, याची युक्ती धर्माच्या आश्रयाने काढलेली होती. बौद्ध यात्रेकरूच्या हातात एकशे आठ मण्यांची जपमाळ असते. नैनसिंहाच्या माळेत शंभरच मणी होते, आणि दर दहावा मणी इतरांपेक्षा मोठा होता. शंभर पावले झाली की एक मणी ओढावयाचा. मोठा मणी बोटाला लागला की हजार पावले झाली. सारी माळ एकदा फिरली की दहा हजार, म्हणजे जवळजवळ पाच मैल. वाटेत भेटणाऱ्याला वाटे, हा भाविक ‘ओम् मणिपद्मे हूम्’चा जप करीत चालला आहे.

टिपणे ठेवण्याची जागाही अशीच होती. तिबेटी भाविक एक लहान दंडगोल हातात घेऊन फिरवीत असतो. त्याच्या आत मंत्र लिहिलेल्या कागदाची गुंडाळी असते, आणि चक्र एकदा फिरले की तितक्या मंत्रांचा उच्चार केल्याचे पुण्य लाभते अशी श्रद्धा आहे. नैनसिंहाच्या मणिचक्रात मंत्राऐवजी कोरे कागद होते. त्यांवर दिशा, अंतरे, घाटांची व खेड्यांची नावे टिपली जात. कोणी अनोळखी माणूस चौकशी करण्यासाठी जवळ येऊ लागला, की तो चक्र फिरवीत जपात गढून जाई. आणि जपात असलेल्या माणसाशी बोलू नये, हा शिष्टाचार त्याच्या मदतीस येई. सेक्स्टंट पेटीच्या चोरकप्प्यात दडविलेला असे. कृत्रिम क्षितिजासाठी लागणारा पारा कवड्यांमध्ये भरून वर मेण लावलेले असे. काम पडले की तो चहा पिण्याच्या लाकडी वाडग्यात ओतावयाचा आणि त्यात ताऱ्याचे प्रतिबिंब पाहावयाचे.

१८६५ च्या प्रारंभी दोघे भाऊ देहरादूनहून निघाले आणि मार्च महिन्यात काठमांडूला पोचले. तेथून क्यिराँगच्या वाटेने तिबेटात शिरण्याचा त्यांचा पहिला प्रयत्न फसला. सरहद्दीवरच्या अधिकाऱ्यांना संशय आला आणि त्यांना मागे फिरावे लागले. मानीसिंहाने वेगळी वाट धरली. नैनसिंहाने वेष पालटला, डोक्याला शेंडीची लांब वेणी जोडली आणि लडाखी व्यापारी बनून पुन्हा तीच सरहद्द गाठली. या वेळी त्याला आत जाऊ देण्यात आले, पण त्याआधी एक हमी द्यावी लागली. त्या वर्षी आपण ल्हासास जाणार नाही, गेल्यास प्राणदंड भोगू, अशी ती हमी होती. नैनसिंहाने ती दिली, आणि त्याची पावले ल्हासाच्याच दिशेने पडू लागली.

सप्टेंबरात तो त्राडोम येथे पोचला. तेथे लडाखहून ल्हासास जाणारा एक व्यापारी तांडा त्याला भेटला आणि तांड्याने त्याला आपल्यात सामावून घेतले. आता सोबत मिळाली, पण सोबतीबरोबर नवी अडचणही आली. बोलत बोलत चालणाऱ्याला पावले मोजता येत नाहीत. म्हणून तो कधी तांड्याच्या पुढे निघून जाई, कधी मागे रेंगाळे. त्याचे सोबती त्याला फार धार्मिक समजत असले पाहिजेत. रात्री सारे झोपले की तो बाहेर पडे आणि ताऱ्यांची उंची घेई. त्याच्याजवळ भिंगाचा एक कंदील होता. परंतु एका गावच्या अधिकाऱ्यांना तो इतका आवडला की नकार देणे धोक्याचे झाले आणि तो विकावा लागला. मग तेलाची साधी वात हाच प्रकाश उरला. वाऱ्याने ती टिकेना, तेव्हा रात्री ताऱ्यावर यंत्र रोखून ते तसेच जपून ठेवावयाचे आणि सकाळच्या उजेडात त्यावरील अंश वाचावयाचे, अशी तोड त्याने काढली. गोठविणाऱ्या थंडीत, पंधरा-सोळा हजार फुटांवरच्या घाटांतून, पकडले जाण्याच्या सततच्या धास्तीत हे काम चालले होते. आणि ते करणारा माणूस खात्यातील कोणी मोठा हुद्देदार नव्हता, अल्प वेतनावर ठेवलेला एक पंतोजी होता, हे विसरता येत नाही.

ऑक्टोबरच्या अखेरीस शिगात्से आले. तेथील टाशिलुन्पो मठात तांड्यातील इतर मंडळींबरोबर पंचेन लामाच्या दर्शनास जाणे त्याला भाग पडले. हा लामा अंतर्ज्ञानी आहे, समोरच्या माणसाच्या मनातील तो ओळखतो, असे नैनसिंहाने ऐकले होते. त्यामुळे छातीत धडधड घेऊनच तो सामोरा गेला. सिंहासनावर दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा बसला होता. त्याने यात्रेकरूंना कुशल विचारले, आशीर्वाद दिला आणि निरोप दिला.

१० जानेवारी १८६६ रोजी नैनसिंहाने ल्हासा नगरीत पाऊल टाकले. सुमारे तीन महिने तो तेथे राहिला. पैसे संपत आले तेव्हा नेपाळी व्यापाऱ्यांना हिशेबाची हिंदुस्थानी पद्धत शिकवून त्याने पोट भरले. पंतोजीची विद्या परदेशातही कामास आली. पोटाला दर्शन, नववर्षाचा उत्सव, त्या दिवसांत नगराचा कारभार ड्रेपुंग मठाच्या लामांच्या हाती जाणे आणि त्यांनी लोकांकडून जबर दंड वसूल करणे, सेरा व गाल्देन या मठांतील व्यवस्था, बाजारात कोठकोठला माल येतो, पाणी कसे मिळते, लोक काय खातात, हे सारे त्याने बारकाईने टिपले. नऊ वर्षांच्या दलाई लामाचेही त्याने दर्शन घेतले. घराच्या छपरावरून तो ताऱ्यांचे वेध घेई. या वेधांवरून ल्हासाचे अक्षांश २९ अंश ३९ कला इतके निघाले. अधिक अचूक साधनांनी आज मिळणारे उत्तरही तेवढेच आहे. उकळत्या पाण्यावरून काढलेली उंची ११,६९९ फूट आली. आज ती बारा हजार फुटांच्या आसपास मानली जाते. लाकडी वाडग्यातील पारा आणि चहाच्या भांड्यातील उकळते पाणी यांनी साधलेले हे माप आहे.

परंतु धोका दिवसेंदिवस वाढत होता. काश्मीरकडच्या दोन मुसलमान व्यापाऱ्यांनी त्याचे सोंग ओळखले. त्यांनी त्याला सरकारच्या हवाली केले नाही. उलट त्याचे घड्याळ गहाण ठेवून घेऊन त्याला पैसे उसने दिले. परवानगीवाचून ल्हासात आलेल्या एका चिनी माणसाचा भर रस्त्यात शिरच्छेद झालेला नैनसिंहाने पाहिला. आणि एके दिवशी, ज्याच्यासमोर त्याने प्राणाच्या शर्तीवर हमी दिली होती तो क्यिराँगचा अधिकारीच त्याला रस्त्यात दिसला. त्याने राहण्याची जागा बदलली आणि बाहेर पडणे जवळजवळ सोडले. २१ एप्रिल १८६६ रोजी तोच लडाखी तांडा परत निघाला, त्याच्याबरोबर त्याने ल्हासा सोडले. त्सांगपोच्या खोऱ्यातून उलट दिशेने चालत, मानससरोवराजवळून तो स्वदेशी आला आणि ऑक्टोबरात देहरादूनला पोचला.

या एका प्रवासात त्याने सुमारे बाराशे मैलांच्या मार्गाची मोजणी केली होती. मुंबईहून नागपूरमार्गे कलकत्त्यास जाणारा लोहमार्ग जवळजवळ तेवढाच लांब आहे. बाराशे मैल म्हणजे चोवीस लक्ष पावले; चोवीस हजार वेळा ओढलेला मणी; दोनशे चाळीस वेळा फिरलेली माळ. जगाच्या वाङ्मयात प्रवासवर्णने विपुल आहेत, पण ज्याचे प्रत्येक पाऊल हिशेबात धरलेले आहे असे प्रवासवर्णन विरळा.

या प्रवासाचा वृत्तांत १८६८ साली लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तो माँटगोमेरीच्या नावाने प्रसिद्ध झाला, आणि ‘पंडित’ या शब्दापुढील जागा रिकामी ठेवलेली होती. हे नाव दडविण्यास कारण होते. त्याला पुन्हा तिबेटात पाठवावयाचे होते, आणि नाव फुटले तर त्याचा जीव गेला असता. कारण खरे असले तरी परिणाम व्हावयाचा तोच झाला. युरोपातील विद्वानांनी ज्या कागदावर टाळ्या वाजविल्या, त्यावर चालणाऱ्याचे नाव नव्हते. त्याच वर्षी सोसायटीने एक सोन्याचे घड्याळ त्याला बक्षीस म्हणून दिले.

१८६७ साली मानीसिंह आणि कल्याणसिंह या भावांसह तो पश्चिम तिबेटातील ठोक जालुंग येथील सोन्याच्या खाणींकडे गेला. सोळा हजार फुटांहून अधिक उंचीवर, बोचऱ्या वाऱ्यापासून बचाव व्हावा म्हणून जमिनीत खड्डे खणून त्यांत तंबू ठोकून राहणारे खाणकामगार त्याने पाहिले. पुढे देहरादूनला राहून त्याने नव्या माणसांना आपली विद्या शिकविली. त्याचे ‘अक्षांश दर्पण’ हे हिंदी पुस्तक १८७१ सालचे. ज्याला इंग्रजी येत नाही अशा पहाडी मुलालाही तारे पाहून आपले स्थान काढता यावे, असा त्यामागील हेतू दिसतो.

शेवटचा आणि सर्वांत मोठा प्रवास १८७४ साली झाला. तेव्हा नैनसिंहाचे वय चव्वेचाळीस वर्षांचे होते. जुलै महिन्यात तो लेहहून निघाला. या वेळी त्याने लामाचा वेष घेतला होता आणि सामान वाहण्यासाठी सव्वीस मेंढ्या बरोबर घेतल्या होत्या. तिबेटच्या उत्तर पठारावरील, पूर्वी कोणीही न मोजलेल्या सरोवरांच्या प्रदेशातून तो महिनोन्‌महिने चालला. नाम सरोवरापर्यंत चारपाचच मेंढ्या टिकल्या. नोव्हेंबरात तो ल्हासास पोचला. पण तेथे ओळखीचा एक व्यापारी दिसताच दोन दिवसांतच त्याने नगर सोडले. त्याआधी आपली सर्व टिपणे दोन विश्वासू नोकरांच्या हाती देऊन त्याने ती लेहला रवाना केली. स्वतः जगलो-वाचलो नाही तरी कागद पोचले पाहिजेत, हा त्यामागील विचार होता. मग त्सांगपो ओलांडून तो दक्षिणेस वळला. तवांग येथे त्याला जवळजवळ दोन महिने अडवून ठेवण्यात आले. १ मार्च १८७५ रोजी तो आसामातील उदलगुडी येथे उतरला. या प्रवासात १,३१९ मैलांची मोजणी झाली होती. अक्षांशांसाठी २७६ आणि उंचीसाठी ४९७ निरीक्षणे घेतली गेली होती. शरीर मात्र थकले होते आणि दृष्टी अधू झाली होती. यानंतर तो अशा कामावर पुन्हा गेला नाही.

आता नाव लपविण्याचे कारण उरले नव्हते. १८७७ साली रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने आपले सुवर्णपदक नैनसिंहाला दिले. पंडितांच्या कामाचा गौरव करावयाचा तो त्यांना पाठविणाऱ्या अधिकाऱ्यांना पदक देऊन करावा की प्रत्यक्ष चालणाऱ्याला द्यावे, असा प्रश्न उपस्थित होण्याजोगा होता. कर्नल हेन्री यूल या विद्वानाने ठामपणे चालणाऱ्याची बाजू घेतली. नैनसिंह हे काही हुकमावर चालणारे यंत्र नव्हे. त्याने जे केले त्यापैकी एकेका प्रवासासाठी कोणत्याही युरोपियनाला हा मान मिळाला असता, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. सरकारने त्याला सी.आय.ई. हा किताब आणि रोहिलखंडात एक गाव इनाम दिले.

चालणाऱ्याने स्वतः लिहिणे याला किती मोल आहे, हे दुसऱ्या एका पदयात्र्याच्या हकीकतीवरून अधिक स्पष्ट होते. किंथुप हा सिक्कीमचा माणूस दार्जिलिंगला शिंप्याचे काम करीत असे. १८८० साली एका लामाबरोबर त्याला तिबेटात पाठविण्यात आले. त्सांगपो हीच ब्रह्मपुत्रा काय, हे ठरविण्यासाठी खुणा केलेले ओंडके नदीत सोडावयाचे आणि खाली आसामात ते येतात की नाही हे पाहावयाचे, अशी योजना होती. वाटेत त्या लामाने किंथुपला गुलाम म्हणून विकून टाकले. किंथुप पळाला, एका मठाच्या आश्रयास गेला, तेथे चाकरी केली, यात्रेच्या निमित्ताने रजा मिळवली आणि ठरल्याप्रमाणे पाचशे ओंडके, रोज पन्नास याप्रमाणे, नदीत सोडले. चार वर्षांनी तो परत आला तेव्हा त्याला पाठविणारा अधिकारी देश सोडून गेला होता, आणि ओंडक्यांवर लक्ष ठेवणारे कोणी नव्हते. किंथुपला लिहितावाचता येत नव्हते. त्याने सारे आठवून सांगितले, दुसऱ्यांनी ते लिहिले. आणि लिहिताना घोटाळा होऊन एका उपनदीवरचा दीडशे फुटांचा धबधबा मुख्य नदीवर जाऊन बसला. त्याच्या निवेदनावर अनेकांनी विश्वास ठेवला नाही. १९१३ साली बेली आणि मोर्सहेड हे अधिकारी त्या दऱ्यांतून गेले तेव्हा किंथुपची स्मरणशक्ती किती खरी होती ते कळले. १९१४ साली बेलीच्या खटपटीने त्याला एक हजार रुपये मिळाले. तीस वर्षे तो दार्जिलिंगमध्ये आपला निर्वाह करीत राहिला होता. नैनसिंहाइतकाच तो चालला होता, त्याने सोसले तर अधिकच. उणीव होती ती फक्त मणिचक्रातील त्या कागदाची.

या इतिहासाची एक बाजू मात्र मनाला टोचणी लावणारी आहे. नैनसिंहाने हमी मोडली. ज्या तांड्याने त्याला आपले मानले त्याच्यापासून आपले काम लपविले. ज्यांनी आशीर्वाद दिला त्यांच्या नगराचे माप परक्या सरकारच्या हाती दिले. १९०४ साली यंगहजबंडच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश फौज ल्हासात शिरली, तेव्हा ग्यांत्सेपासून पुढची तिची वाट जवळजवळ तीच होती, जी नैनसिंहाने अडतीस वर्षांपूर्वी जपमाळेवर मोजली होती. नकाशा निर्दोष असला तरी तो निरुपद्रवी असतोच असे नाही. या दोषाचा मोठा वाटा अर्थातच नकाशा मागणाऱ्या साम्राज्याकडे जातो. तथापि पवित्र वस्तूंचा आडोसा घेऊन चालणाऱ्या माणसाला त्या मोठ्या वाटेकऱ्यामागे सर्वस्वी लपविता येत नाही. आणि त्याच्या धैर्याचे कौतुक करताना ही गोष्ट वगळली, तर ते कौतुक अपुरे ठरेल.

असे असूनही त्याचे लिखाण वाचताना हेराच्या अहवालाचा कोरडेपणा फारसा जाणवत नाही. हेराला हवे असतात ते किल्ले, फौजा आणि रस्ते. नैनसिंहाने त्यांच्याबरोबर बाजारातील दर टिपले, सण टिपले, गरीब लोकांवर पडणारे दंड टिपले आणि खड्ड्यांतील तंबूंत राहणाऱ्या मजुरांचे हालही टिपले. पायी चालणाऱ्याच्या गतीने पाहिलेला मुलूखच असा दिसतो. घोडेस्वार गावे ओलांडतो. पायी चालणाऱ्याला दर पाच-सात कोसांवर कोणाचे तरी दार ठोठवावे लागते, आणि दार उघडणाऱ्याचे तोंड त्याच्या लक्षात राहते. नकाशा सरकारला मिळाला. ही माणसे मात्र त्या टिपणांतच राहिली, आणि आज तिबेटच्या त्या काळच्या जीवनाचा शोध घेणाऱ्याला तीच अधिक मोलाची वाटतात.

भारतीय टपाल खात्याने २००४ साली नैनसिंहाच्या स्मरणार्थ तिकीट काढले. त्यानंतर दोनच वर्षांनी उमा भट्ट आणि शेखर पाठक यांनी संपादित केलेल्या ‘एशिया की पीठ पर’ या हिंदी ग्रंथातून त्याचे लिखाण वाचकांपुढे आले. जे वृत्तांत प्रथम इंग्रजी अधिकाऱ्यांच्या नावाने छापले गेले, त्यांच्यामागचा मूळ आवाज असा सव्वाशे वर्षांहून अधिक काळानंतर स्वतःच्या भाषेत ऐकू आला. मिलम गाव आता बव्हंशी ओस पडले आहे. १९६२ च्या युद्धानंतर तिबेटचा व्यापार थांबला, मेंढ्यांचे तांडे थांबले आणि घरांची छपरे हळूहळू कोसळली. ज्या वाटांनी शौका लोक पिढ्यानपिढ्या ये-जा करीत होते, त्यांची अंतरे, चढउतार आणि मुक्काम आता तेथील माणसांच्याही पाठ राहिलेले नाहीत. शंभर मण्यांची माळ हाती घेऊन चाललेल्या त्यांच्यातल्याच एका शाळामास्तराने त्यांपैकी काही वाटा कागदावर उतरविल्या, म्हणून तेवढ्या उरल्या आहेत.